बिनआवाजी बर्नर

श्रावणातल्या एका सोमवारी आमच्या वरणात चामडं निघालं, आणि ते माझ्यामुळे निघालं.

जुन्या स्टोव्हच्या पंपात चामड्याचा एक वायसर असतो, छोट्याशा वाटीच्या आकाराचा. तो वाळला की दांडा नुसता वरखाली होतो, टाकीत हवा भरत नाही. गोड्या तेलात भिजत घातला की मऊ पडतो, फुगतो आणि पुन्हा कामाला लागतो. मी तो तेलाच्या वाटीत बुडवून ओट्यावर ठेवला होता, गॅसच्या शेजारी, तिथे जरा ऊब असते म्हणून. बायको शाळेतून आली. ती मास्तरीण, दिवसभराचा उपास, सोमवार सोडायची घाई, आणि समोर तेलाची आयती वाटी. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, वायसर. छान तडतडला म्हणे.

वाढताना तो नेमका सासऱ्यांच्या पानात गेला. त्यांनी तो बराच वेळ चावला. लेकीच्या घरचं अन्न, बोलायचं तरी कसं? शेवटी बोटांनी बाहेर काढला, उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, हा पंपाचा दिसतोय."

"चामडं?" बायको म्हणाली. "सोमवारी? बाबांच्या पानात?"

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ती हातातलं काम थांबवून माझ्या हातांकडे बघायला लागली.

मी जव्हारच्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या फायली पुढे सरकवतो आणि सुट्टीला भंगारातून आणलेले प्रवासी स्टोव्ह घासत बसतो. प्रवासी म्हणजे घडीचे. पाय दुमडतात, बर्नर निघतो, सगळं मिळून पत्र्याच्या चपट्या डब्यात बसतं. पूर्वी मोजणीवाले, जंगलखात्यातली माणसं, पाड्यांवरचे मास्तर असले स्टोव्ह बरोबर घेऊन फिरायचे. आता ते कुणालाच नको असतात. मला का हवे असतात, हे मला नीट सांगता येत नाही. बायकोला येतं. "घरातला पंखा घरघरतोय तो ह्यांना दिसत नाही," ती सांगते, "कारण तो अजून चालू आहे ना!"

वरणात उतरलेला वायसर ज्या स्टोव्हचा, तो मात्र भंगारातला नव्हता. तो सासऱ्यांचा. मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यांवर मास्तरकी करण्यात त्यांची सारी नोकरी गेली. पावसाळ्यात ओहोळ भरले की घरी जाता यायचं नाही, शाळेतच मुक्काम, लाकडं ओली, चूल पेटायची नाही. तेव्हा हा स्टोव्ह. यंदा होळीनंतर ते आमच्याकडे आले, ते कपड्यांची एक पिशवी, औषधांची एक पिशवी आणि हा डबा घेऊन.

आले म्हणजे, आणले. कोरोनात त्यांचं नाक गेलं ते परत आलंच नाही. चव कशीबशी आली, वास नाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, गावच्या घरी एकटेच. एका सकाळी दूध उतू जाऊन गॅस विझला आणि बटण तसंच चालू राहिलं. हे ओसरीवर पेपर वाचत बसलेले. शेजारणीला रस्त्यावर वास आला म्हणून निभावलं. ती बातमी ठाण्याला मेहुण्याकडे आणि जव्हारला आमच्याकडे पोचली, आणि बहीणभावाचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. बाबांनी एकटं राहायचं नाही.

सासऱ्यांना मात्र परत जायचं होतं. घर त्यांनी स्वतः बांधलेलं, मागे भाताचा नि नागलीचा तुकडा. लेकीकडे माणसाने पाहुणा म्हणून चार दिवस राहावं, असं मानणारी पिढी. आमच्याकडे ते खुर्चीच्या अगदी कडेला बसायचे, डेपोत एसटीची वाट बघत बसावं तसे. तक्रार कधी केली नाही. फक्त संध्याकाळी फोन करून गावात कुणाकुणाला विचारायचे, भात किती आला, कौलं गळली का, ओसरीवर कुत्री येऊन बसतात का. दिवाळीच्या आधी मेहुणा यायचा होता, तेव्हा काय ते ठरवायचं होतं. मेहुण्याचं आधीच ठरलेलं होतं. घर कुणाला तरी राहायला द्यायचं, बाबांनी ठाण्याला यायचं. बायकोचंही ठरलेलं होतं, फक्त ठाण्याच्या जागी जव्हार.

मी ह्या वादात नव्हतो. मी स्टोव्हमध्ये होतो.

गणपतीपर्यंत मी तो पुरा उघडला. टाकीत जुन्या रॉकेलचा काळा डिंक झाला होता, तो गरम पाण्याने खळबळून काढला. बुडाशी बारीक चीर होती, तिथे कथील वितळवून डाख दिला. साबणाचं पाणी लावून हवा कुठून निसटते ते बघितलं. चिंचेने घासून पितळ असं केलं की त्यात तोंड बघून घ्यावं. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मूळचा बर्नर आवाजी होता. त्याच्या डोक्यावर एक जाड चकती असते, ज्योत तिच्यावर आपटते आणि गरजते. मला भंगारात एक बिनआवाजी बर्नर सापडला, बारीक भोकांच्या टोपीचा. मी तो बसवला आणि जुना सुट्या भागांच्या बिस्किटाच्या डब्यात टाकून दिला. निळी, गोल, अबोल ज्योत. आमच्या घरात इतकं अबोल दुसरं काही नाही.

सासऱ्यांना पेटवून दाखवला. त्यांनी मान वाकडी करून कान पुढे केला, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "पेटलाय का?"

मला वाटलं, हे कौतुक आहे.

आता रॉकेलचं. ते रेशनला यायचं बंद झालं तेव्हापासून मागणाऱ्या माणसाकडे लोक वेगळ्याच नजरेने बघतात. मी मोखाड्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"कशाला पायजे?"

"स्टोव्हला."

"स्टोव्हला." त्याने तो शब्द तोंडात घोळवला. "घरी सगळं बरं हाय ना, साहेब?"

स्टोव्हचा भडका आणि घरातली सून हे आपल्याकडे इतकी वर्षं एकाच बातमीत येत गेले, की त्याची चूक म्हणता येत नाही. मी बाटली पिशवीत लपवून आणली. ती गॅलरीत ठेवताना समोरच्या बाईंनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला जिन्यात गाठून, हात हातात घेऊन विचारलं, "काही असलं तर सांगत जा हं." बायकोने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण पूर्ण हसत नव्हती.

भाद्रपद सरता सरता बाटलीतलं रॉकेल कमी व्हायला लागलं.

मी स्टोव्ह पेटवत नव्हतो. तो घासूनपुसून त्याच्या डब्यात घालून शोकेसवर ठेवला होता. मग रॉकेल जातं कुठे? उडून जाईल म्हणावं तर बूच घट्ट. मी बाटलीला पातळीच्या खुणेचा दोरा बांधला. आठवड्याने पातळी दोऱ्याच्या खाली. त्याच सुमारास बायकोने दुसरी आघाडी उघडली.

"आज ऑफिसातून मधेच घरी आला होतात?"

"नाही."

"मग घरात रॉकेलचा वास कसला येतोय?"

"तूच सांग."

"मी काय सांगू? मी तुमच्याआधी पाच मिनिटं आलेय. आणि काड्यापेटी कुठे गेली? देवाजवळची?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. सासरे खुर्चीच्या कडेला बसून पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

माझा तर्क असा होता की बायको ते रॉकेल मोरीत ओतते आहे. थोडं थोडं, म्हणजे माझा छंद आपोआप सुकेल. तिचा तर्क, हे मला नंतर कळलं, असा होता की मी सिगारेट ओढायला लागलोय आणि तो वास लपवायला रॉकेल शिंपडतोय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसं एकमेकांना किती चांगली ओळखतात, ते बघा. त्यात तिला बाटलीचा दोरा सापडला. माझ्या हाताशी काळाच दोरा होता, मी काय करू?

"हा काळा दोरा कुणी बांधला? आणि कशासाठी?" तिने तो दोन बोटांत धरून आणला, मेलेली पाल धरावी तसा.

"राहू दे गं," सासरे पेपरामागून म्हणाले. "असेल कशाचा तरी."

सासऱ्यांवर माझा संशय गेला नाही, कारण तो जायची आमच्याकडे पद्धतच नाही. बायकोवर जाऊ शकतो, शेजाऱ्यांवर जाऊ शकतो, स्वतःवरसुद्धा जाऊ शकतो. दोन दिवस मी झोपेत चालतो का, ह्याचाही विचार करून झाला.

पाऊस थांबल्यावर एका रविवारी ऑफिसातले दोन सहकारी म्हणाले, चला, शिरपामाळला जाऊ, तुमच्या स्टोव्हवरचा चहा पाजा. मी आठवडाभर त्यांना बिनआवाजी बर्नरचं कौतुक ऐकवलं होतं. ज्योत असून नसल्यासारखी, दोन माणसं कुजबुजली तरी ऐकू येतील, वगैरे. माळावर वारा होता. बोलण्याच्या नादात, स्टोव्हकडे नीट न बघताच मी डब्याच्या झाकणाचा आडोसा केला, काकडा पेटवला, बर्नर तापू दिला, पंप मारला आणि हात मागे घेऊन त्यांच्या तोंडांकडे बघितलं.

स्टोव्ह असा गरजला की फोटो काढत असलेली माणसं वळली.

"अहो," एक सहकारी ओरडून म्हणाला, ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं, "हा तर घाट चढणाऱ्या एसटीसारखा वाजतोय!"

मी वाकून बघितलं. बर्नरच्या डोक्यावर जाड चकती. माझा बिनआवाजी बर्नर गायब आणि त्याच्या जागी तो जुना, मी डब्यात टाकून दिलेला. नुसता अडकवलेला नव्हता. पान्याने आवळून, खाली नवा वायसर घालून, नीट बसवलेला.

तेवढ्यात एक कुटुंब जवळ आलं आणि त्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "काका, कटिंग कितीला?" सहकारी म्हणाला, "आज उद्घाटन आहे, फुकट." त्या लोकांनी खरंच चहा घेतला, आणि साखर कमी आहे म्हणून सांगून गेले.

परत येताना माझ्या डोक्यात एकच माणूस होता. मेहुणा. गणपतीत आला होता तेव्हा त्याने स्टोव्हचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते आणि म्हणाला होता, "दाजी, बर्नर काय भारी आहे हो! असले आता मिळत नाहीत म्हणे." मी आरतीला गेलो तेव्हा तो स्टोव्हजवळच होता. आता सगळं जुळत होतं. माणूस वडलांचं घर रिकामं करायला निघाला, तो बर्नर सोडेल काय? रॉकेल कोण पितं हे त्यात बसत नव्हतं, पण संशयाच्या भरात माणूस एवढ्या तेवढ्याकडे बघत नाही.

बायकोला हे सांगितलं नाही. तिचा भाऊ. मी ठरवलं, तो आला की त्याच्यासमोर स्टोव्ह पेटवायचा आणि तोंड बघायचं.

दिवाळीआधीच्या रविवारी तो आला. फराळाचे डबे देऊन झाले, इकडचं तिकडचं झालं, आणि त्याने घसा साफ करून सुरुवात केली, "ताई, मी काय म्हणतो, घराचं एकदा ठरवून टाकू." सासरे खुर्चीत आणखी पुढे सरकले. आणि मी, नको तिथे नको तेव्हा बोलण्याची माझी हातोटी, म्हणालो, "थांबा, आधी चहा करतो. स्टोव्हवर."

बैठकीच्या खोलीत फरशीवर मांडला. पेटवला. गरजला. मी मेहुण्याच्या तोंडाकडे टक लावली. तोंडावर काही नाही.

"दाजी, आवाज केवढा! बिघडलाय का?"

"बिघडला नाही. बदललाय. कुणीतरी."

"म्हणजे?"

"म्हणजे गणपतीत कुणी तरी फोटो काढत होतं."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा आवाज स्टोव्हच्या वर गेला. "अहो दाजी! मी तुमचा बर्नर चोरीन? माझ्याकडे इंडक्शन आहे! काय करू मी तो, किचेन करू?"

"तुम्ही माझ्या भावाला चोर म्हणताय?" बायको म्हणाली. "आणि घरात रॉकेल कोण शिंपडतं, ते?"

"मी शिंपडतो?"

"मी बदलला," सासरे म्हणाले.

सगळे गप्प. स्टोव्ह सोडून.

ते उठले, औषधांची पिशवी आणली आणि तिच्यातून फडक्यात गुंडाळलेला माझा बिनआवाजी बर्नर काढून माझ्या हातात ठेवला. "हा घ्या. छान आहे. पण तो पेटलाय का विझलाय, मला समजत नाही. बघत बसावं लागतं. गॅसचंही तेच. नाक असतं तर गोष्ट निराळी." त्यांनी खाली स्टोव्हकडे बोट केलं. "हा कसा, ओरडतो. मी ओसरीवर असलो तरी ऐकू येतो. गप्प झाला की उठायचं आणि चावी सोडायची. माझे कान शाबूत आहेत."

"बाबा, तुम्ही हा पेटवता?" बायकोने विचारलं. "कधी?"

"तुम्ही दोघं गेलात की. आधी चहा केला. मग भात. परवा पिठलं केलं, बरं झालं होतं. सवय गेली होती हाताची, ती परत आणत होतो." मग हातातल्या फडक्याची घडी घालत, "नुसतं जातो म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही. करून दाखवता यायला हवं."

"आणि रोज रॉकेलचा वास..."

"वास येतो?" सासऱ्यांना खरोखर धक्का बसला. "अरे! मी तर खिडक्यापण लावून घेत होतो. समोरच्या बाईंनी बघू नये म्हणून."

त्या क्षणी मेहुण्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं, कारण तो घराबद्दल बोलायला आला होता. तो वडलांसमोर बसून एकेक मुद्दा काढू लागला. दूध उतू गेलं तर? उतू गेलं की फसफसतं, ऐकू येतं. बाहेर टीव्ही लागला असला तर? स्वयंपाक करताना मी टीव्ही लावत नाही. पाऊस कौलांवर वाजत असला तर? त्यावर सासरे जरा थांबले आणि म्हणाले, पाऊस असला तर मी स्टोव्हजवळच बसतो, ऊब असते.

बायको ह्या वेळात स्टोव्हजवळ पाटावर बसली होती, चहाकडे बघत असल्यासारखी. मला तिचा हात दिसत होता. तिने हवेच्या चावीला हळूच बोट लावलं. आवाज किंचित उतरला. मला तर नीट समजलाही नसता, मी हाताकडे बघत होतो म्हणून कळला.

सासरे मुलाला सांगत होते, "वीज गेली तरी मला..." आणि मधेच थांबले. त्यांची आमच्याकडे पाठ होती. "हवा कोण सोडतंय?"

बायकोने चावी आवळली. पंप मारला. आवाज परत चढला आणि सासऱ्यांनी आपलं वाक्य पुरं केलं.

"आणि भडका उडाला तर?" मेहुण्याने शेवटचा बाण काढला. "जुना स्टोव्ह आहे बाबा. टाकी फुटली तर?"

"टाकीला डाख मी स्वतः दिलाय," मी म्हणालो.

माझ्या ह्या बोलण्याने कुणालाच धीर आल्याचं दिसलं नाही. सासरेसुद्धा खिडकीबाहेर बघू लागले.

मेहुणा संध्याकाळच्या गाडीने परत गेला. जाताना बहिणीला म्हणाला, "ताई, तू म्हणशील ते." मला म्हणाला, "दाजी, येतो. खिसे तपासून घ्या हवं तर." सासरे त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेले.

बायको मोरीशी कप विसळत होती. मी मदतीला म्हणून उभा, म्हणजे नुसताच उभा. मग तिने नळ बंद केला आणि पाठमोरीच म्हणाली:

"जाऊ दे बाबांना. भातकापणी आलीच आहे, त्यांना तिथेच बरं वाटेल. त्यांच्या कानांवर माझा विश्वास बसला. तुमच्या डाखावर नाही बसला. तेव्हा दिवाळीची सुट्टी तुम्ही तिकडे काढायची, आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक त्या स्टोव्हवर तुम्ही करायचा. बाबांनी अंगणात बसायचं, लांब. तुम्ही धड परत आलात, तर मग तो त्यांच्या हातात द्यायचा."